छप्पर काढलं की वजन वाढतं

मुंबई-गोवा महामार्ग तळेऱ्याला सोडला की विजयदुर्ग पन्नासेक किलोमीटर उरतो. सुरुवातीला वळणावळणांचा, झाडीचा रस्ता आहे. पडेलच्या पुढे सडा लागतो आणि आभाळ एकदम मोकळं होतं. गिर्ये आलं की खाऱ्या वाऱ्याचा वास येऊ लागतो. दिवाळी उलटल्यावर, धुकं विरायच्या वेळेला, हा टप्पा उघड्या गाडीतून पार करावा असं कुणालाही वाटेल. हौस साधी आहे, पण ती पुरवणारी गाडी मोटार-अभियांत्रिकीतल्या सगळ्यात अवघड चिजांपैकी एक आहे. आपल्याकडे तिच्याबद्दल बोलणं होतं ते रंगाचं, किमतीचं आणि सिनेमातल्या नायिकेच्या उडत्या ओढणीचं. ती बनते कशी, हे मराठीत फारसं कुणी सांगत नाही.

बंद गाडी घ्यायची, तिचं छप्पर कापायचं, कापड लावायचं, झाली उघडी गाडी, असा एक समज आहे. छप्पर गेलं म्हणजे वजन कमी झालं, गाडी हलकी आणि चपळ झाली, असंही त्याला जोडून मानलं जातं. प्रत्यक्षात उलटं घडतं. बीएमडब्ल्यूच्या थ्री सिरीजची २००७ साली आलेली, पत्र्याचं घडीचं छप्पर असलेली उघडी गाडी आपल्याच बंद कूपेपेक्षा २०० किलोंच्या घरात जड होती. टाटांच्या मालकीच्या लँड रोव्हरने इव्होकची उघडी आवृत्ती काढली, तीही बंद इव्होकपेक्षा अडीचशे किलोंहून जड भरली. तीन-चार धडधाकट माणसं कायमची गाडीत बसवून फिरावं तसा हा प्रकार आहे.

याचं कारण आजच्या गाडीच्या बांधणीत आहे. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना वेगळी चौकट नसते. जमीन, दारांखालचे पट्टे, खांब आणि छप्पर यांची मिळून एक बंद पेटी असते आणि ताण सगळे मिळून पेलतात. एक चाक खड्ड्यात गेलं आणि समोरच्या कोपऱ्यातलं दुसरं उंचवट्यावर चढलं की पेटीला पीळ पडतो. हा पीळ रोखण्यात छपराचा वाटा फार मोठा असतो. ते काढलं की गाडी खड्ड्यागणिक थरथरते, आरसा हलतो, दारांच्या फटी कुरकुरतात, समोरच्या काचेची चौकट स्टिअरिंगसकट शहारते.

विजयदुर्गच्या जेटीवर ओढून ठेवलेली मासेमारीची होडी नीट पाहिली तर यावरचा उपाय समजतो. होडीलाही वरून झाकण नसतं, तरी लाटेवर ती पिळत नाही, कारण तिची सगळी ताकद खाली आणि कडेला दिलेली असते. तळाला कणा, त्याला जोडलेल्या बरगड्या, काठावर जाड फळी आणि दोन्ही काठांना बांधून धरणाऱ्या आडव्या बैठका. उघड्या मोटारीतही नेमकं हेच करतात. दारांखालचे पट्टे जाड करतात, आतून पोलादी नळ्या भरतात. गाडीच्या पोटाखाली तिरक्या पट्ट्या ठोकतात. मागच्या सीटपाठी आडवी भिंत उभी करतात. पुढच्या काचेच्या खांबांत तापवून दाबलेलं, अतिशय कणखर पोलाद घालतात. वाढलेलं वजन येतं ते इथून. वाघोटन खाडीच्या काठी गिर्याला आंगऱ्यांची खडकात कोरलेली गोदी आजही आहे. तिथे गलबतं दुरुस्त करणाऱ्या सुतारांना ही गोष्ट हाताने ठाऊक असणार, असं मला मनापासून वाटतं.

चौकट वेगळी असलेल्या गाडीला मात्र ही किंमत मोजावी लागत नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली, त्या काळात कापडी टपाच्या उघड्या गाड्या सर्रास असत. खाली शिडीसारखी पोलादी चौकट आणि तिच्यावर नुसती ठेवलेली बैठक. ताण चौकट घेई, टपाचं काम ऊन-पाऊस अडवण्यापुरतं. महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीप इथे आणून जुळवल्या, त्याही याच जातीच्या. कोकणातल्या कच्च्या रस्त्यांवर डॉक्टर, कंत्राटदार, साहेबमंडळी ज्या ताडपत्रीच्या जीपमधून फिरली, ती आपली पहिली लोकप्रिय उघडी गाडी म्हणायला हवी. तिच्या वारसदार थारची आजची पिढी २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आली. ती नाशिकला बनते आणि तिची कापडी टपाची आवृत्तीही निघाली. तिच्याखाली अजून ती शिडीची चौकट आहे, म्हणून टप हाताने सोडवून मागे सारला तरी गाडीच्या ताकदीत फरक पडत नाही. तो सारायला थोडी खटपट करावी लागते, इतकंच.

मधल्या श्रेणीच्या आलिशान गाडीत ही खटपट यंत्र करतं. ऑडीने ए-थ्री कॅब्रिओले भारतात आणली ती डिसेंबर २०१४ मध्ये. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १८० अश्वशक्ती, सात गिअरचा दोन क्लचचा गिअरबॉक्स. दिल्लीतली शोरूम किंमत पावणेपंचेचाळीस लाखांच्या आसपास. छप्पर अठरा सेकंदांत उघडायचं आणि ताशी ५० किलोमीटर वेगापर्यंत चालत्या गाडीतही उघडायचं. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये मर्सिडीजची सुधारित सी ३०० कॅब्रिओले आली. दोन लिटर इंजिन, २५८ अश्वशक्ती, नऊ गिअर, छपराला वीस सेकंद, किंमत सव्वापासष्ट लाख.

ते वीस सेकंद एकदा गाडीशेजारी उभं राहून पाहावेत. बटण दाबून धरलं की आधी चारही काचा थोड्या खाली उतरतात, कारण कापडाच्या कडेची रबरी पट्टी काचेवर घट्ट बसलेली असते. समोरच्या चौकटीतले आकडे सुटतात. मागचं झाकण उलट्या बाजूला उचललं जातं. मग कापड आणि त्याखालच्या धातूच्या कमानी इंग्रजी झेड अक्षरासारखी घडी घालत मागच्या खोबणीत उतरतात, झाकण वर बसतं आणि काचा पुन्हा चढतात. हे सगळं विजेच्या मोटरवर चालणारा तेलाचा पंप आणि जागोजागच्या बारीक स्विचांवर चालतं. आधीची हालचाल पुरी झाल्याचा निरोप स्विचकडून आला नाही, तर पुढची सुरूच होत नाही. डिकीतला पडदा ओढलेला नसला तरी छप्पर जागचं हलत नाही, कारण घडीला ती जागा लागते. ए-थ्रीच्या डिकीत छप्पर लावलेलं असताना ३२० लिटर सामान मावतं, उघडल्यावर २७५. आंब्याच्या दिवसांत देवगडच्या पेट्या घेऊन निघणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

छप्पर कापडाचं की पत्र्याचं, यावर मोटार-जगात बराच वाद झाला. पत्र्याचं घडीचं छप्पर काही नवं नव्हे. पोज्यो या फ्रेंच कंपनीने १९३० च्या दशकात, जॉर्ज पोलाँ या दंतवैद्यक आणि मोटाररचना दोन्हींत रमलेल्या माणसाच्या कल्पनेवरून, ते विक्रीला आणलं होतं. १९९६ मध्ये मर्सिडीजच्या एसएलकेने त्याला पुन्हा प्रतिष्ठा दिली आणि पुढची पंधरा वर्षं पत्र्याची गेली. पण ते छप्पर जड, डिकी खाणारं, आणि उघडल्यावर सगळा भार गाडीच्या मागच्या टोकाला नेऊन ठेवणारं. शेवटी बीएमडब्ल्यूही २०२० च्या फोर सिरीजमध्ये कापडाकडेच परतली. नवं छप्पर आधीच्या पत्र्याच्या छपरापेक्षा चाळीस टक्के हलकं आहे आणि दहा सेकंदांत उघडतं. माझं मत कापडाच्या बाजूने आहे. आजचं कापड म्हणजे बाहेर विणलेला कृत्रिम धागा, मधे रबराचा थर, आत आणखी एक कापड आणि त्याखाली आवाज अडवणारं अस्तर. पावसाचा ताशा त्यात बराच दबतो.

सुरक्षिततेचा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा. गाडी उलटली तर डोक्यावर काय? मर्सिडीजने १९८९ च्या एसएलमध्ये त्याचं उत्तर दिलं. सीटमागे लपवलेली पोलादी कमान, गाडी कलंडू लागल्याचं कळताच ०.३ सेकंदात उभी राहणारी. आज चार सीटांच्या उघड्या गाडीत मागच्या डोक्यांमागे अशा दोन पट्ट्या असतात. त्या आणि पुढच्या काचेची कणखर चौकट मिळून प्रवाशांभोवती जागा शिल्लक ठेवतात.

वाऱ्याचं वागणं तर भलतंच. समोरच्या काचेवरून हवा वेगाने निघून जाते, काचेमागे दाब उतरतो आणि मागची हवा उलटी फिरून प्रवाशाच्या मानेवर आदळते. उघड्या गाडीत थंडी वाजते ती पाठीमागून. म्हणून सीटांमागे जाळीची आडभिंत लावतात. मर्सिडीजने काचेच्या माथ्यावर वर सरकणारी पट्टीही बसवली, तिच्यावरून हवा डोक्यांपलीकडे उचलली जाते. सीटच्या मानेपाशी गरम हवेचं तोंडही देतात, ज्याची गरज आपल्या किनाऱ्यावर कधी पडणार नाही. इथे प्रश्न उन्हाचा. थंडीच्या महिन्यांतही दहा-साडेदहानंतर उघड्या गाडीत बसवत नाही, आणि जूनपासून चार महिने छपराचं बटण विसरलेलंच बरं.

विजयदुर्गसारख्या ठिकाणी या गाडीचे खरे शत्रू तीन. खारी हवा पोलादाला आणि त्याहून आधी विजेच्या जोडांना लागते. ओलं कापड घडी घालून ठेवलं की त्याला बुरशी धरते, म्हणून छप्पर सुकल्याशिवाय उघडू नये असं कंपन्याच सांगतात. तिसरा शत्रू म्हणजे पालापाचोळा. छपरावरून ओघळलेलं पाणी कडेच्या पन्हाळीत येतं आणि तिथून बारीक नळ्यांनी गाडीखाली जातं. सुरूच्या झाडाखाली गाडी लावली तर त्याच्या सुया या नळ्यांत जाऊन बसतात. पाणी तुंबतं, आत शिरतं आणि सतरंजीखालच्या वायरींपर्यंत पोचतं. घरावर कौलं शाकारायच्या आधी आपण पन्हळी साफ करतो, तेच काम इथे मेअखेर करायचं. किनाऱ्यावरची जुनी उघडी गाडी कुणी स्वस्तात देऊ लागला, तर इंजिनाआधी सतरंजी उचलून हात लावून पाहावा, आणि दारांखालचे पट्टे आतून गंजलेत का ते तपासून घ्यावं. तेच पट्टे या गाडीचा आधार आहेत.

रस्त्याची गोष्टही हिशेबात धरायला हवी. जर्मन उघड्या गाड्या जमिनीलगत बसतात, सड्यावरचे गतिरोधक त्यांना पोटाशी लागतात. मार्च २०१८ मध्ये भारतात आलेली उघडी इव्होक त्या दृष्टीने सोयीची होती, पोट जमिनीपासून २१२ मिलिमीटर उंच आणि अर्धा मीटर पाण्यातून जाणारी. पण एकोणसत्तर लाखांवर किंमत होती आणि त्याच वर्षी ती बनवणंच कंपनीने थांबवलं.

किमतीचं कोडंही महाराष्ट्राशी जोडलेलं आहे. सी-क्लासची बंद गाडी पुण्याजवळ चाकणला जुळते. तिची उघडी बहीण मात्र ब्रेमेनहून तयार होऊन जहाजाने आली. चाळीस हजार डॉलरवरच्या तयार गाडीवर अनेक वर्षं शंभर टक्के सीमाशुल्क होतं, म्हणजे गाडीच्या किमतीइतकाच कर. उघड्या गाडीचा सांगाडाच वेगळा असल्याने मोजक्या गिऱ्हाइकांसाठी इथे तो जुळवणं परवडत नसावं. आता तर ही श्रेणीच आकसते आहे. ए-थ्रीची पुढची पिढी आली तेव्हा तिच्यात कॅब्रिओले नव्हतीच. मर्सिडीजने सी आणि ई या दोन्हींच्या उघड्या गाड्या मिळून एकच सीएलई केली, आणि ती ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात आली ती एक कोटी दहा लाखांना.

विजेच्या गाडीने या गणितात एक नवी गोष्ट आणली आहे. एमजीची सायबरस्टर ही दोन सीटांची उघडी गाडी २०२५ च्या जुलैत भारतात दाखल झाली, पंचाहत्तर लाखांच्या आत. तिची ७७ किलोवॅट-तासांची बॅटरी जमिनीत सपाट बसवली आहे. बॅटरीची पेटी मुळातच कणखर असावी लागते, त्यामुळे पीळ रोखायला ती आपोआप मदत करते. छप्पर नसण्याची भरपाई तळातून करायची, ही होडीची रीत इथेही आहे. मुंबईहून विजयदुर्ग सव्वाचारशे ते साडेचारशे किलोमीटर आणि कंपनी एका चार्जमध्ये ५८० चा दावा करते. घाट, वारा आणि वातानुकूलन धरले तर वाटेत एकदा, चिपळूण-रत्नागिरीच्या पट्ट्यात कुठेतरी, गाडी चार्ज करूनच पुढे निघणं शहाणपणाचं.