पिवळ्या रंगाखालची वीज

२०१४ च्या फेब्रुवारीअखेरीस सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत हटली नाही. गहू ओंबीवर होता, हरभरा काढणीला आला होता. ५ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि पंचनामेवाले व प्रचारवाले एकाच रस्त्यानं फिरू लागले. त्या काळी यवतमाळच्या शेतकऱ्याला रेडिओवर किंवा पेपरात मिळणारा अंदाज साधारण असा असे : विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. विदर्भ म्हणजे अकरा जिल्हे. त्यातलं ‘तुरळक ठिकाण’ आपलंच होतं, हे टिनावर गारा वाजल्यावर कळायचं.

योगायोगानं त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेच्या वादळ अंदाज केंद्रानं आपल्या धोक्याच्या पातळ्या तीनावरून पाचावर नेल्या. त्यांची रीत सरळ आहे. तुम्ही उभे आहात तिथून २५ मैलांच्या आत तीव्र वादळ होण्याची शक्यता किती टक्के, यावर पातळी ठरते. रंगाचा पट्टा जिल्ह्याची हद्द जुमानत नाही.

आपल्याकडे पुढच्या काही वर्षांत जिल्हावार इशारे रुळले, ते चार रंगांत. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. हे रंग दोन गोष्टींच्या गुणाकारातून निघतात : घटना होण्याची शक्यता आणि झाली तर होणारं नुकसान. पाऊस किती पडेल, एवढंच ते सांगत नाहीत. चौकातल्या पानठेल्यावर मात्र रंगाचा अर्थ अजूनही मिलिमीटरमध्येच लावला जातो. ‘ऑरेंज होता, पण थेंब नाही पडला,’ ही तक्रार त्यातूनच येते. अंदाज चुकतातही, नाही असं नाही. पण शक्यता सांगितली म्हणजे वचन दिलं, असं धरून चाललं की बरोबर आलेला अंदाजसुद्धा खोटा वाटतो.

मला जास्त काळजी पिवळ्याची वाटते. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या जमिनीवर बंगालच्या उपसागराकडून ओलावा येतो, वर थंड हवा असते, आणि दुपारनंतर ढग उभे वाढत जातात. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा येतो : विजांसह ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगानं वारे. रंग बहुधा पिवळा. वारा ५०-६० वर जाणार असेल किंवा गारांची शक्यता असेल तर नारिंगी. आता वीज पिवळ्यातही तेवढीच जीव घेते. ती एका वावरात, एका झाडाखाली, दोघा-तिघांवर पडते. अख्ख्या जिल्ह्याच्या नुकसानीच्या हिशेबात ती लहान दिसते, म्हणून रंग चढत नाही. देशात २०२२ मध्ये विजेनं २,८८७ माणसं गेल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची नोंद आहे. पेरणीच्या दिवसांत ‘पिवळाच तर आहे’ म्हणून मोहाच्या नाहीतर कडुनिंबाच्या आडोशाला जाणं, हा रंगाचा सगळ्यात महाग पडणारा अर्थ.

९ एप्रिल २०२३ च्या रविवारी अकोला जिल्ह्यातल्या पारसला वाऱ्यापावसात मंदिराच्या टिनाच्या शेडवर कडुनिंब कोसळला. आडोशाला थांबलेल्यांपैकी सात जण दगावले. वारा, जुनं झाड आणि त्याखाली जमलेली माणसं, यांतलं फक्त पहिलं हवामान खात्याच्या नकाशावर दिसतं. बाकीचं गावानंच पाहून ठेवायचं असतं, आणि त्यासाठी उपग्रह लागत नाही.

या दहा वर्षांतला खरा फरक मी रंगांपेक्षा तीन तासांच्या तात्काळ अंदाजाला देईन. नागपूरच्या डॉप्लर रडारच्या टप्प्यात यवतमाळ येतं, आणि ढग उभा राहिला की जिल्ह्याचं नाव घेऊन इशारा निघतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज कुठे चमकतेय ते दाखवतं. पाच दिवसांचा रंग हरभऱ्याची गंजी ताडपत्रीनं झाकायची की नाही हे ठरवायला बरा. बैल सोडून घरी निघायचं की नाही, हे तीन तासवालाच सांगतो. मात्र तो फोनवर येतो, आणि वावरात फोन बरेचदा थैलीत, थैली बांधावर.

अडचण क्षेत्रफळाचीही आहे. यवतमाळ जिल्हा १३,५८२ चौरस किलोमीटरचा. पैनगंगेकाठचं उमरखेड आणि कोळशाचं वणी एकाच रंगात रंगतात. उमरखेडला केळी आडवी होत असताना वणीला धूळसुद्धा उडत नाही, आणि मग वणीकर पुढच्या इशाऱ्याला हसतो. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतीच्या पातळीवर तापमान, पाऊस, वारा यांचा अंदाज मिळू लागला. मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या चौकटीत देशाचा अंदाज मांडणारी, पुण्यातच घडलेली नवी प्रणालीही सुरू झाली. रंग मात्र अजून जिल्ह्याचाच येतो, सोळाही तालुक्यांना एक.