सिद्दींनी सिद्दींशी बोलावं कसं?

सीमेवरचे शेजारी : लेखांक नववा

खानापूर तालुक्याच्या दक्षिणेला जंगलातच बेळगाव जिल्हा संपतो आणि हल्याळ, जोयडा हे कारवार जिल्ह्याचे तालुके लागतात. पूर्वेला अळणावरच्या बाजूने धारवाड जिल्हा येऊन भिडतो. गेल्या आठवड्यात आपण याच रानातल्या गवळी धनगरांच्या वाड्यांवर थांबलो होतो. आज त्यांच्या शेजाऱ्यांकडे वळू. या तिन्ही जिल्ह्यांत सिद्दी राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, पण ते स्वतः कित्येक पिढ्यांपासून इथलेच आहेत.

सिद्दींवरचे बहुतेक लेख ते कुठून आले इथे सुरू होतात आणि दमामच्या नाचापाशी संपतात. मला त्यांच्या आपसातल्या बोलण्याविषयी लिहायचं आहे. हा समाज हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती अशा तीन धर्मांत वाटला गेला आहे आणि त्याची मुलं वेगवेगळ्या भाषांच्या शाळांत शिकतात. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकातल्या सिद्दींची नोंद दहा हजारांच्या थोडी वर गेली. ती नोंद अनुसूचित जमातीची होती, आणि त्या यादीत खानापूरच्या सिद्दींना तेव्हा जागाच नव्हती. इतक्या लहान समाजाला सरकारकडे, जमीनमालकाकडे किंवा शाळेकडे काही मागायचं असेल तर आधी एकमेकांचं म्हणणं एकमेकांपर्यंत पोचायला हवं.

मराठी वाचकाला सिद्दी म्हटलं की जंजिरा आठवतो, फार तर मलिक अंबर. ते तलवारीच्या जोरावर सत्तेपर्यंत पोचलेले सिद्दी. खानापूर-हल्याळचे सिद्दी वेगळ्या वाटेने आले. पोर्तुगिजांनी मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं गुलाम करून गोव्यात आणली. सोळाव्या शतकात सुरू झालेला हा व्यवहार एकोणिसाव्या शतकापर्यंत चालला. त्यांतले जे निसटले ते घाट चढून या रानात शिरले. विजापूरच्या आदिलशाहीत चाकरीला असलेल्या हबशांचे वंशजही त्यांच्यात मिसळले असावेत, असं अभ्यासक मानतात. ही माणसं आफ्रिकेतही एका मुलखाची किंवा एका भाषेची नव्हती. गोव्याच्या बाजारात शेजारी उभ्या केलेल्या दोघांना एकमेकांचं बोलणं कळत असेलच असं नव्हे. घाटावर आल्यावर त्यांची जी बोली झाली ती कोंकणीवर उभी आहे आणि तिच्यात मराठी-कन्नड शब्द मुरलेले आहेत. परक्या मुलखात अनोळखी माणसांनी बोलत बोलत एक समाज उभा केला, हे मला सिद्दींच्या इतिहासातलं सर्वांत मोठं कर्तृत्व वाटतं.

धर्म मात्र मालकांच्या आणि शेजाऱ्यांच्या मागोमाग आले. गोव्यातून आलेल्यांचा बाप्तिस्मा झालेला होता. यल्लापूर-अंकोल्याकडे हव्यक ब्राह्मणांच्या सुपारीच्या बागांत राबणारे हिंदू रीती पाळू लागले. हल्याळच्या बाजूला मुसलमान सिद्दींची वस्ती मोठी आहे. तिघांचे सण, पंचांग, लग्नविधी वेगळे. अमेरिकेतल्या काळ्या समाजाशी तुलना करून पाहिली की यातली अडचण उघडी पडते. तिथे काळ्यांचं चर्च हेच त्यांचं सभागृह होतं. १९५५ च्या डिसेंबरात माँटगोमेरी शहरात बसवर बहिष्कार पुकारला गेला तेव्हा माणसं जमली ती चर्चमध्ये, तिथेच निर्णय झाले आणि तिथूनच निरोप घरोघर गेले. सिद्दींना ती सोय नाही. ख्रिस्ती सिद्दी रविवारी फादरचं ऐकतो, मुसलमान सिद्दी शुक्रवारी मौलवींचं. तिथे त्यांच्या शेजारी बसलेली बाकीची माणसं सिद्दी नसतात. खानापूर बेळगावच्या धर्मप्रांतात येतं आणि हल्याळ कारवारच्या, म्हणजे ख्रिस्ती सिद्दींचीसुद्धा पुन्हा विभागणी झालीच.

तरीही धागे पूर्ण तुटले नाहीत, आणि ते कुठे टिकले हे पाहण्यासारखं आहे. घरातल्या पूर्वजांची पूजा, जिला ते हिरियारू म्हणतात, ती तिन्ही धर्मांच्या सिद्दींत आढळते. कारवार जिल्ह्यातल्या सातुंबैलला सिद्दीनास नावाचं देवस्थान आहे. तिथल्या वार्षिक पूजेला हिंदूंबरोबर ख्रिस्ती आणि मुसलमान सिद्दीही जातात. दमाम हे दोन्ही बाजूंना कातडं ताणलेलं लाकडी वाद्य. ते वाजू लागलं की बाया-पुरुष दोघंही नाचतात आणि गाणी सगळ्यांना येणारी असतात. मात्र दमाम आता सरकारी मंचावर फार दिसतो. मंचावर तोंड प्रेक्षकांकडे असतं. अंगणात ते एकमेकांकडे असायचं. मिळणारं मानधन गरजेचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण अंगणातला दमाम बंद पडला तर मंचावरचा त्याची भरपाई करू शकणार नाही.

बायकांकडे याहून निवांत साधन आहे. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात तशी सिद्दी बाई कवांदी शिवते. जुन्या कापडाचे तुकडे घेऊन ती कडेपासून सुरुवात करते आणि धावदोऱ्याने आत आत सरकत मध्यापर्यंत येते. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची छोटी फुलं बसवते. फुलांशिवाय कवांदी उघडीनागडी, अशी त्या बायकांची समजूत. ख्रिस्ती घरातल्या कवांदीत क्रूस दिसतो, मुसलमान घरातलीत कधी चंद्रकोर. टाका आणि शिवण्याची रीत एकच. विस्कॉन्सिन विद्यापीठातले कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांनी या कामाकडे जगाचं लक्ष वेधलं आणि २००४ मध्ये सिद्दी बायकांची गोधडी सहकारी संस्था उभी राहायला मदत केली. कवांद्या अमेरिकेतल्या प्रदर्शनांपर्यंत पोचल्या. मला त्यातला शिवणीचा वेळ जास्त मोलाचा वाटतो. अंथरुणभर कापड पुरं व्हायला बरेच दिवस लागतात. शेजारणी येऊन बसतात आणि हात चालू असताना बोलणं होतं. नवऱ्याची दारू, मुलीचं शिक्षण, रेशनकार्डावरून गळालेलं नाव, सासरचा जाच हे विषय पुरुषांच्या बैठकीत निघत नाहीत. ते इथे निघतात. समाजाच्या सभा बोलावणाऱ्यांनी या जागेची दखल फारशी घेतलेली नाही.

आता जिथे तुटलं तिकडे येऊ. सौराष्ट्रातल्या सिद्दींना १९५६ मध्येच अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. कर्नाटकातल्या सिद्दींना तो मिळायला २००३ साल उजाडलं, आणि तोही फक्त उत्तर कन्नड, म्हणजे कारवार, जिल्ह्यापुरता. हद्दीच्या अलीकडच्या, म्हणजे खानापूरच्या आणि धारवाडकडच्या सिद्दींना बेळगाव-धारवाड जिल्ह्यांची नावं यादीत येईपर्यंत थांबावं लागलं. त्यासाठी संसदेला पुन्हा दुरुस्ती करावी लागली. तिचं विधेयक २०१९ च्या डिसेंबरात राज्यसभेत मंजूर झालं आणि कायदा २०२० मध्ये झाला. मधली सतरा वर्षं डोळ्यांसमोर आणून पाहा. हल्याळात राहिलेल्या भावाच्या मुलांना वसतिगृह, शिष्यवृत्ती, नोकरीत राखीव जागा. खानापुरात दिलेल्या बहिणीच्या मुलांना यातलं काही नाही. आजी एक, आजोबा एक, पूर्वजांची पूजा एक, पण जातीचा दाखला भावाच्याच मुलांना. ज्याला मिळालं तो संकोचाने गप्प राहतो, ज्याला नाही मिळालं त्याला त्या गप्प राहण्यात गर्व दिसतो. सोयरिकी ठरवताना जिल्हा विचारला जाऊ लागला तर त्यात नवल नाही.

दाखल्याबरोबर दुसराही प्रश्न आला: सिद्दी कोणाला म्हणायचं? मुसलमान आणि ख्रिस्ती सिद्दींची काही लग्नं आपापल्या धर्मातल्या इतरांशी झालेली आहेत. त्या मुलांचे केस सरळ असतात, रंग उजळ असतो. कचेरीतल्या कारकुनाने चेहऱ्याकडे पाहून शंका घ्यावी, हे अन्यायाचं आहे. पण तीच शंका वाडीतला शेजारी घेऊ लागला की ती जास्त खोल लागते. रंग आणि केस यांवरून पिढ्यान् पिढ्या बाहेरच्यांची चिडवाचिडवी सोसलेल्या समाजात तीच मोजपट्टी आत वापरली जाऊ नये, यासाठी वडीलधाऱ्यांनी उघडपणे बोलायला हवं. तरुण मुलं शहरात जाऊन केस सरळ करून घेतात, बेंगळुरात कोणी परदेशी समजून इंग्रजीत बोललं की कन्नडमध्ये उत्तर देतात आणि समोरच्याचं आश्चर्य झेलत राहतात. याविषयी घरी कोणाशी बोलायचं हे त्यांना ठाऊक नसतं, कारण आईबापांनीही आपला अपमान मुलांपासून लपवलेला असतो.

आम्हा मराठी लोकांनाही इथे थोडं थांबून पाहायला हवं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. दूरच्या काळ्या माणसाशी नातं जोडणारी ही परंपरा मराठीचीच आहे. तिच्या वारसांनी खानापुरातल्या सिद्दी मुलाच्या वर्गातही डोकावावं, अशी अपेक्षा करणं फार होणार नाही.

कारण भाषेचा प्रश्न इथे वर्गातच सुरू होतो. खानापूर तालुक्यात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही शाळा आहेत, उर्दूही आहेत. घरात सिद्दींची कोंकणी, शाळेत यांपैकी एक, कचेरीतला कागद कन्नड. सीमाप्रश्नाच्या वादात आपण इथल्या भाषेविषयी पुष्कळ बोललो. १९६७ च्या महाजन अहवालात खानापूर महाराष्ट्राला द्यावं असं म्हटलं होतं, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. पण सिद्दींच्या बोलीचा विचार दोन्ही बाजूंच्या भांडणात कोणी केला नाही. मराठीत शिकलेला खानापूरचा भाऊ आणि कन्नडमध्ये शिकलेला यल्लापूरचा भाऊ लिहून निरोप पाठवायला गेले तर लिपी आड येते. बोलीला स्वतःची लिपी नाही. मोबाइलवर आवाजात पाठवलेला निरोप मात्र दोघांनाही समजतो. समाजाच्या सभेची सूचना, शिष्यवृत्तीची मुदत, दाखल्यासाठी लागणारे कागद हे सगळं कन्नड पत्रकाऐवजी बोलीतल्या आवाजात फिरवणं आज कोणालाही जमेल. साठीच्या आजीला तेव्हा नातवाकडून वाचून घ्यावं लागणार नाही.

संघटना नव्हत्या असं नाही. १९८० च्या दशकात अखिल कर्नाटक सिद्दी विकास संघ स्थापन झाला. १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने धावपटू घडवण्यासाठी सिद्दी मुलामुलींना निवडून प्रशिक्षणाला नेलं. योजना १९९३ मध्ये बंद पडली, पण वेगवेगळ्या वाड्यांतली मुलं तिच्यामुळे एका छपराखाली राहिली. २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्त झाले. त्या सभागृहात बसणारे ते पहिले सिद्दी. गुजरातमधल्या जांबूरच्या हीराबाई लोबींना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तीही प्रामुख्याने बायकांना एकत्र आणून केलेल्या कामासाठी. यांतून समाजाला अभिमान वाटला आणि वाटायलाच हवा. पण आमदाराकडे काय घेऊन जायचं हे ठरवणारी बैठक जर कन्नडमध्ये, शहरात आणि चार शिकलेल्या पुरुषांत होत असेल, तर खानापूरच्या वाडीतली विधवा त्यात कुठे आहे? बैठक वाडीत व्हावी, पाळीपाळीने तिन्ही धर्मांच्या अंगणात व्हावी, बोलीत व्हावी आणि बायकांनी आधी बोलावं. हे मला साधे आणि अत्यंत निकडीचे नियम वाटतात.

निकड कशाची, ते वनहक्क कायद्यात दिसतं. २००६ च्या या कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसल्याचं दाखवलं की दावा उभा राहतो. जमातीबाहेरच्या वनवासीला मात्र त्याआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. २०२० पर्यंत खानापूरच्या सिद्दीला ही दुसरी अट लागू होती, तर हद्दीपलीकडच्या त्याच्या मामाला पहिली. जिथे दावे कागदांअभावी अडले असतील तिथे आता जमातीच्या दाखल्याच्या आधारे ते नव्याने मांडता यायला हवेत. या कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात दावेदाराव्यतिरिक्त इतर वडीलधाऱ्यांची लिहून घेतलेली जबानीही धरली जाते. खानापूरच्या वाडीत कोण कधीपासून राहतं, कुठलं शेत कोणी तोडून केलं, कुठली विहीर कोणाच्या आज्याने खणली, हे सांगणारी म्हातारी माणसं हल्याळलाही आहेत आणि अळणावरकडेही, कारण लग्नं तिकडेच झाली. ती सांगतील त्यांच्या कोंकणीत, आणि ग्रामसभेच्या वनहक्क समितीला ते लिहून हवं असेल कन्नडमध्ये. दोन्ही येणारी सिद्दी मुलं-मुली आज कॉलेजांत आहेत. त्यांना वही आणि मोबाइल देऊन, धर्म न विचारता, या म्हाताऱ्यांच्या घरी पाठवायला हवं, आणि ते या उन्हाळ्यातच व्हावं. पावसाळा लागला की रानातल्या वाटा बंद होतात.

पुढच्या आठवड्यात : वनहक्काचा दावा ग्रामसभेपासून जिल्हा समितीपर्यंत कसा जातो आणि मध्ये कुठे अडतो.