फवारण्याआधी एक फोटो

मृगाचा पाऊस झाला की आपल्या काळ्या रानात लाल मखमलीचे थेंब चालताना दिसतात. हा मृगाचा किडा. आमची नानी त्याला बीरबहुटी म्हणायची. लहानपणी काडीपेटीत त्याला मऊ माती अंथरून आम्ही पोरांनी किती वेळा पाहुणचार केला असेल! पण त्याला पाय किती, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं, तेही त्याचा फोटो मोठा करून पाहिल्यावर. आठ. कीटकाला पाय सहा असतात. म्हणजे मृगाचा किडा हा कीटकच नव्हे. तो कोळी, विंचू, गोचीड यांच्या गोतावळ्यातला.

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए. पर्यंत. विज्ञानाशी माझा संबंध दुरूनच. तरी गेली काही वर्षं मी धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या माळांवर, येडशीच्या रामलिंग अभयारण्याच्या वाटांवर आणि मुख्य म्हणजे शेताच्या बांधांवर किड्यांचे फोटो काढत फिरतो. या छंदाला ‘मॅक्रो फोटोग्राफी’ म्हणतात. तो फार खर्चिक आहे असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

मॅक्रो म्हणजे काय ते आधी पाहू. कॅमेऱ्याच्या आत जिथं चित्र उमटतं, तो पडदा मोठ्या कॅमेऱ्यात ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. सहा मिलिमीटरच्या ढालकिड्याचं चित्र या पडद्यावरही सहा मिलिमीटरचंच पडलं, तर त्याला ‘एकास एक’ प्रमाण म्हणतात. खरी मॅक्रो फोटोग्राफी इथून सुरू होते. लग्नसमारंभात वापरतात ती साधी लेन्स इतक्या जवळचं पाहू शकत नाही. ती पुढं नेली की चित्र पुसट होतं.

यावर मुख्य उपाय चार. पहिला, लेन्सच्या तोंडावर बसवायचं जादा भिंग. आपण चष्मा लावतो, तसा लेन्सला लावलेला चष्माच म्हणा ना. दुसरा, कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये पोकळ नळी बसवणं. या नळीत काच नसते, नुसती हवा. लेन्स पडद्यापासून जितकी दूर जाईल, तितकं चित्र मोठं होतं. पन्नास मिलिमीटरच्या लेन्समागं पन्नास मिलिमीटरची नळी लावली की एकास एक प्रमाण मिळतं. रिळाच्या जमान्यात हेच काम लोहाराच्या भात्यासारख्या घडीच्या भात्यानं होई. तिसरा उपाय गमतीचा. एक कडी घेऊन लेन्स चक्क उलटी बसवायची. जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्स यासाठी उत्तम, कारण त्यांची झडप हातानं फिरवता येते. चौथा उपाय म्हणजे खास मॅक्रो लेन्स. ती महाग, पण सोयीची. शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स असेल तर किड्यापासून वीतभराहून थोडं कमी अंतर राखून फोटो निघतो. साठ मिलिमीटरची असेल तर आणखी जवळ सरकावं लागतं, आणि तोवर टोळानं उडी मारलेली असते.

भिंगाचा प्रश्न सुटला की खरी अडचण उभी राहते, ती उजेडाची. एकास एक प्रमाणावर पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश साधारण एक चतुर्थांश उरतो. शिवाय इतक्या जवळून पाहताना जेमतेम एक-दीड मिलिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. डोळा साधला तर शेपूट पुसट, शेपूट साधली तर डोळा पुसट. हे टाळायला झडप बारीक करावी, तर प्रकाश आणखी घटतो. फारच बारीक केली, तर प्रकाश त्या छोट्या भोकातून जाताना पसरतो आणि सगळंच चित्र मऊ पडतं. म्हणून एफ-८ ते एफ-१६ च्या दरम्यान कुठंतरी तडजोड करावी लागते.

त्यात आपल्याकडचा वारा! ज्या वाऱ्याच्या भरवशावर वाशी-भूमच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तोच वारा आमचा वैरी. ज्वारीचं पान मिलिमीटरभर हललं तरी फोटो गेला. यावर इलाज फ्लॅशचा. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात आटोपतो, तेवढ्यात पान फारसं हलत नाही. मात्र फ्लॅशचा उघडा प्रकाश ढालकिड्याच्या गुळगुळीत पाठीवर पडला की पांढरा डाग उठतो. म्हणून फ्लॅशपुढं बटर पेपर, ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरं प्लास्टिक बांधायचं. प्रकाश जितक्या रुंद पृष्ठभागातून येईल, तितका मऊ पडतो. स्थिर बसलेल्या किड्याचे पुढंमागं सरकत अनेक फोटो घेऊन संगणकावर एकात एक मिसळण्याचीही सोय आज आहे. तीत डोळ्यापासून शेपटीपर्यंत सगळं स्पष्ट येतं.

आणि वेळ साधायची ती भल्या पहाटेची. कीटकांच्या अंगाची ऊब बाहेरच्या हवेवर ठरते. थंडीच्या दिवसांत उन्हं येईपर्यंत चतुर गवताच्या काडीला दंवाचे थेंब अंगावर घेऊन निपचित धरून बसतो. त्याच्या एका डोळ्यात हजारो बारीक भिंगं असतात, काही जातींत तीस हजारांपर्यंत. ती जाळी अशा वेळी निवांत टिपता येते. किडा हलू नये म्हणून काही जण त्याला फ्रिजमध्ये ठेवतात. असं करू नये. फोटोसाठी जीव गारठवण्यात कसली आली कला?

आता मूळ मुद्दा. एवढा खटाटोप कशासाठी? एक प्रसंग सांगतो. रब्बी ज्वारीवर मावा पडून पानं चिकट झाली होती. आपल्याकडं त्याला चिकटाच म्हणतात. एक तरुण शेतकरी पाठीवर पंप घेऊन निघाला होता. मला म्हणाला, ‘‘चाचा, मावा कमी होता का, तर आता ही काटेरी अळीबी आली!’’ पानावर काळपट, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या घाटाची अळी होती. मी फोटो घेतला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून दाखवला. अळीच्या जबड्यात मावा होता. ती ढालकिड्याची अळी होती. ढालकिडा सगळ्यांना ठाऊक, पण त्याचं हे पोरवयातलं कुरूप रूप फार थोड्यांना ठाऊक असतं. एकेक अळी शेकड्यांनी मावा फस्त करते. तो पोरगा बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘म्हंजी ही आपल्या बाजूनं हाय व्हय?’’ त्या दिवशी पंप घरी परतला. आठवड्यानं त्याच पानांवर ढालकिड्यांचे कोष चिकटले होते आणि माव्याच्या पांढऱ्या काती तेवढ्या उरल्या होत्या.

दर वेळी असं घडेलच असं नाही. कीड नुकसानीच्या पातळीपुढं गेली तर औषध मारावंच लागतं. पण मित्र कोण, शत्रू कोण, हे पाहून मारावं. क्रायसोपा नावाचा हिरवट, जाळीदार पंखांचा कीटक पानावर केसाएवढ्या दांड्यांच्या टोकाला अंडी लावतो. नुसत्या डोळ्यांना ती बुरशीसारखी वाटतात. भिंगातून पाहिलं की मोत्यांची रांग दिसते. त्यातून निघणारी अळीही मावाच खाते. सरसकट विष फवारलं की शत्रूबरोबर हे राखणदारही मरतात, आणि पुढच्या वेळी मावा येतो तेव्हा त्याला आडवणारं कुणी नसतं. फवारणी करणाऱ्या माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहेच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अनावश्यक फवारणी जितकी टळेल, तितकी बरी.

शत्रू ओळखायलाही फोटोच कामी येतो. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या मक्यावरही आली. तिची खूण डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ उलटा काढल्यासारखी रेघ आणि शेपटीकडच्या शेवटून दुसऱ्या खंडावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. लांबून ती इतर अळ्यांसारखीच दिसते. नीट काढलेला एक फोटो हाती असेल, तर कृषी सहायक, तुळजापूरचं कृषी विज्ञान केंद्र किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ बसल्या जागी सांगू शकतात.

त्यासाठी महागडी लेन्स लागत नाही. मोबाइलवर चिमट्यानं बसणारं भिंग काही शे रुपयांत मिळतं. अलीकडच्या कित्येक मोबाइलमध्ये मॅक्रोची सोय असतेच. चार फोटो काढा. किड्याचा वरून एक, बाजूनं एक, डोकं स्पष्ट दिसेल असा एक, आणि खाल्लेल्या पानासह पिकाचा एक. किड्याशेजारी मोजपट्टी किंवा रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळेल. आपली सावली पडू देऊ नका. कोपर गुडघ्यावर टेकवा, श्वास रोखा आणि मग बटण दाबा. दहांतले नऊ फोटो वाया जातील, जाऊ द्या. त्याला पैसे पडत नाहीत.

शाळकरी मुलांच्या हाती हे काम दिलं तर ती आपल्याहून बरं करतील. त्यांची नजर तीक्ष्ण असते, आणि त्यांना मातीत बसायला लाज वाटत नाही. गावातल्या शाळेनं सोयाबीन, तूर, ज्वारी यांवरच्या किड्यांचे वर्षभराचे फोटो, तारीख आणि नावासह, एका वहीत चिकटवले, तरी त्या गावाला पुढच्या हंगामात पंप कधी उचलायचा आणि कधी खुंटीला टांगून ठेवायचा, हे ठरवायला आधार होईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)