दुखणे एकाचे, उत्तरे दुसऱ्याची

‘पेशंटला काही सांगू नका, काय असेल ते आम्हाला सांगा,’ ही विनंती कॅन्सरच्या डॉक्टरांना नेहमी ऐकावी लागते. ती करणाऱ्या मुलाच्या किंवा सुनेच्या मनात मायाच असते. पण त्यातून एक विचित्र गोष्ट घडते. रुग्णाला काय हवे आहे, हे रुग्ण सोडून सगळ्यांना विचारले जाते. मुलाला पुढच्या केमोची काळजी, पत्नीला जेवण जात नसल्याची. रुग्ण मात्र रात्र रात्र जागा असतो तो पोट साफ होत नाही म्हणून, किंवा धाकटीच्या लग्नाचे कसे होणार या विचाराने.

पुण्यात वारजे येथे मुंबई-बंगळुरू महामार्गाजवळ सिप्ला फाउंडेशनचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. १९९७ पासून तेथे कॅन्सरच्या रुग्णांची विनामूल्य काळजी घेतली जाते आणि घरचे माणूसही रुग्णासोबत राहू शकते. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजेच उपशामक सेवा, ही फक्त शेवटच्या दिवसांसाठी असते, असा मोठा गैरसमज आहे. प्रत्यक्षात आजाराचे निदान झाल्यापासून, मूळ उपचार चालू असतानाच ती घेता येते आणि घ्यावी. तिची सुरुवात औषधाने नव्हे, तर नीट विचारपूस करण्यापासून होते.

या विचारपुशीमागे एक शास्त्र आहे. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली. शरीराचे दुखणे, मनाची घालमेल, घर आणि पैशाच्या विवंचना आणि ‘माझ्याच वाट्याला हे का?’ हा प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. एकाकडे दुर्लक्ष झाले की बाकीची दुखणीही वाढतात.

लक्षण वेगळे, गरज वेगळी

१९९१ मध्ये कॅनडातील एडमंटन येथे तयार झालेल्या प्रश्नावलीत वेदना, थकवा, मळमळ, भूक, धाप, चिंता अशा लक्षणांना रुग्ण स्वतः गुण देतो. पण त्रास आहे म्हणजे मदत हवीच असते, असे नाही; आणि शरीराला काही होत नसतानाही मदत हवी असू शकते. म्हणून ऑस्ट्रेलियात ३४ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली तयार झाली. ती ‘गेल्या महिन्यात या बाबतीत तुम्हाला किती मदत हवी होती?’ असे विचारते. त्यात मन, शरीर व रोजचे व्यवहार, माहिती, मिळणारी वागणूक आणि लैंगिक जीवन असे पाच विभाग आहेत.

हीच प्रश्नावली हाँगकाँगमधील चिनी आणि जर्मनीतील स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्ण महिलांना देण्यात आली, तेव्हा फरक दिसला. जर्मन महिलांच्या अपुऱ्या राहिलेल्या गरजांत मानसिक आधार ठळक होता. चिनी महिलांच्या बाबतीत माहिती आणि आरोग्यसेवेशी संबंधित गरजा वरच्या क्रमांकावर होत्या. आपल्यासारखीच चीनमध्येही रुग्णापासून निदान लपवण्याची रीत आहे. त्यामुळे हा निष्कर्ष आपल्यालाही विचार करायला लावणारा आहे.

प्रश्नावलीचे नुसते भाषांतर मात्र पुरत नाही. ‘नैराश्य येते का?’ याला ‘नाही’ म्हणणारी आजी ‘कशात मन लागत नाही’ असे सहज सांगते. शून्य ते दहाचे गुण न समजणारे आजोबा ‘रुपयात बारा आणे दुखतंय’ हे नेमके सांगू शकतात. लैंगिक जीवनाबद्दलचा प्रश्न सासूसमोर विचारला, तर खरे उत्तर मिळणारच नाही.

विचारल्याने फरक पडतो का? न्यूयॉर्कमध्ये केमो घेणाऱ्या ७६६ रुग्णांच्या अभ्यासात काहींनी आपली लक्षणे संगणकावर नियमित नोंदवली. त्रास वाढला की परिचारिकेला सूचना जाई. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार या गटाचे मध्यमान आयुर्मान ३१.२ महिने होते, तर नेहमीची देखभाल मिळालेल्यांचे २६ महिने. साधे उदाहरण मॉर्फिनचे. त्याने वेदना शमते, पण बद्धकोष्ठ जवळपास ठरलेले. सोबत सारक औषध दिले की हा त्रास आटोक्यात राहतो. मात्र कुणी विचारले नाही, तर रुग्ण संकोचाने बोलत नाही आणि कधी कधी वेदनेची गोळीच बंद करून टाकतो.

घरच्यांनी काय करावे?

● एका वहीत वेदना, झोप, भूक, शौच आणि मनःस्थिती यांची रोज नोंद ठेवावी. आकडा रुग्णाने सांगावा, आपण अंदाजाने लिहू नये.

● ‘बरं आहे ना?’ असे न विचारता ‘आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?’ असे विचारावे.

● तपासणीच्या वेळी रुग्णाला डॉक्टरांशी दहा मिनिटे एकट्याने बोलू द्यावे.

● वेदनेची गोळी स्वतःहून कमी किंवा बंद करू नये.

● सेवा करणाऱ्याचीही झोप आणि तब्येत बिघडते. तेही डॉक्टरांना सांगावे.

● ‘आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?’ हे रुग्णालाच विचारावे. तो ‘मला नको, मुलाला सांगा’ म्हणाला, तर तसेच करावे. पण तो निर्णय त्याचा असावा.