मांडव घालणाऱ्याने खड्डेही बुजवावेत

लग्नघरी मांडव पडतो तेव्हा भाड्याने भांडी येतात, शेजारून पाट येतात, अंगणात खांबांसाठी खड्डे खणले जातात. कार्य उरकलं की यादी काढून भांडी मोजून परत करायची, खांब उपटायचे, खड्डे बुजवून अंगण सारवायचं. श्रोतेहो, संगणकावर प्रोग्रॅम बसवणाऱ्यालाही हाच व्यवहार लागू आहे; पण तिथे तो पुष्कळदा पाळला जात नाही.

प्रोग्रॅम बसवला म्हणजे काय होतं? वरवर पाहता पडद्यावर एक लहानसं चित्र उमटतं. आत मात्र काही फायली त्याच्या स्वतःच्या फोल्डरात जातात, तर काही यंत्रणेच्या फोल्डरात. विंडोजमध्ये 'रजिस्ट्री' नावाचं एक दप्तर असतं, त्यात नोंदी होतात. म्हणून पडद्यावरचं चित्र पुसलं की प्रोग्रॅम गेला असं नव्हे; खांब तसेच उभे राहतात. १९९५ साली विंडोज ९५ आलं, तेव्हा प्रोग्रॅम घालण्याकाढण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये एक जागा ठेवण्यात आली. पण तिथून नुसती हाक मारली जाते. काढण्याची कृती प्रोग्रॅमच्या कर्त्यानेच आधी लिहून ठेवावी लागते.

ती नीट लिहिली नाही तर? दोन उदाहरणं पाहा. १९९८ च्या अखेरीस अमेरिकेतल्या बंजी कंपनीचा 'मिथ टू' हा खेळ आला. तो काढू गेलं की, ज्या फोल्डरात तो असेल ते सबंध फोल्डरच पुसलं जाई. कोणी तो डिस्कच्या मुळाशीच बसवला असेल, तर सगळी डिस्क साफ! मांडवाबरोबर घरच पाडण्यातला हा प्रकार. कंपनीला माल परत बोलवावा लागला.

दुसरं उदाहरण याच्या उलट. २००५ साली सोनी बीएमजी कंपनीच्या गाण्यांच्या काही सीडींबरोबर नक्कल रोखणारा एक प्रोग्रॅम संगणकात शिरून लपून बसे. काढण्याची सोयच नव्हती. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने तो ऑक्टोबरात उघडकीस आणला. त्याने फायली हाताने पुसल्या, तर सीडी चालवणारा भागच संगणकाला दिसेनासा झाला! बोभाटा झाल्यावर कंपनीने काढण्याचं साधन दिलं. त्यानेही संगणकाला नवं भगदाड पाडलं. अखेर सीडी परत घ्याव्या लागल्या. २००७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड होऊन, नुकसान झालेल्यांना १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचं कंपनीने कबूल केलं.

मग कर्त्याने करावं तरी काय? बसवताना जे जे ठेवलं त्याची यादी करावी आणि काढताना त्या यादीतलंच काढावं. एखादी फाइल दुसरा प्रोग्रॅमही वापरत असेल तर तिला हात लावू नये. दोन घरांच्या विहिरीचा दोर एका घराने नेऊ नये, तसंच हे. वापरणाऱ्याने स्वतः लिहिलेलं त्याला विचारल्याशिवाय पुसू नये. आणि 'खरंच काढायचा का?' हे एकदाच विचारावं. दहादा विनवण्या करू नयेत.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या वर्गातलं एखादं मूल उद्या प्रोग्रॅम लिहील. त्याला ही सवय आजच लावा. रिकाम्या संगणकावर आपला प्रोग्रॅम बसवायचा, मग काढायचा, आणि पूर्वी काय होतं व आता काय उरलं हे ताडून पाहायचं. शाळेसाठी कोणी नवा प्रोग्रॅम घेऊन आला, तर तुम्हीही त्याला दोन प्रश्न विचारा: हा काढायचा कसा? आणि काढल्यावर मुलांचे निबंध नि गुणपत्रकं जागेवर राहतील ना? उत्तर नीट मिळालं तरच बसवू द्या. अंगण शाळेचं आहे.