फांसेपारध्यांची काळवीट-शिकार

शिकार म्हटली कीं बंदूक डोळ्यांपुढें येते. फांसेपारध्याला ती लागत नसे. माळावर दोरीला ओळीनें फांसे बांधून तो खुंट्यांनीं पक्के करी व कळप हळूहळू तिकडे वळवी. दुसरी युक्ति अधिक नामी. माणसाळलेल्या काळविटाच्या शिंगांस फांस बांधून त्याला कळपाजवळ सोडीत. कळपांतला नर चवताळून झुंजावयास येई आणि त्याचीं शिंगें गुंतत. सावजाचा स्वभाव ओळखण्याची ही विद्या शाळेंत, निदान माझ्या तरी, शिकवीत नसत!

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का पुढें पारध्यांवरहि बसला; १९५२ सालीं तो कागदावरून पुसला गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटाला अभय मिळालें, तें योग्यच. परंतु फांसे खालीं ठेवणाऱ्याच्या हातीं त्याच कायद्यानें दुसरी उपजीविका दिली नाहीं.