एक्सप्लेनर: स्वादुपिंडाच्या गाठीवर ‘नवी’ शस्त्रक्रिया, ती चांगली हे ठरते कसे?

कावीळ उतरत नाही म्हणून केलेल्या तपासणीत स्वादुपिंडाच्या डोक्यात गाठ निघाली, की शहाद्याच्या रुग्णाला सुरत, नाशिक किंवा मुंबई गाठावी लागते. तिथे ‘व्हिपल’ हे नाव कानावर पडते.

व्हिपल म्हणजे काय?
अमेरिकी सर्जन ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया. स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय काढून उरलेले भाग पुन्हा जोडतात.

बदल कोणता?
गाठीमागून आतड्याची मुख्य धमनी जाते. गाठ तिला चिकटली आहे, हे अनेकदा स्वादुपिंड कापल्यावरच कळायचे. ‘धमनी आधी’ पद्धतीत ती सुरुवातीलाच तपासतात, त्यामुळे वेळीच थांबता येते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील डॉ. शैलेश श्रीखंडे व सहकाऱ्यांनी या पद्धतीचा तुलनात्मक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला.

काय मोजतात?
• रक्तस्राव
• जोडातून स्वादुपिंडाच्या रसाची गळती
• कापलेल्या कडेवर कर्करोगाच्या पेशी उरल्या का
• ९० दिवसांतील मृत्यू

नवे ते चांगलेच?
नाही. नेदरलँड्समधील चाचणीत दुर्बिणीतून व्हिपल केलेल्या ५० पैकी ५, तर पोट उघडून केलेल्या ४९ पैकी १ रुग्ण गुंतागुंतीमुळे ९० दिवसांत दगावला. चाचणी मध्येच थांबवली गेली. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

नातेवाइकांनी काय विचारावे?
‘इथे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात?’ जिथे त्या जास्त होतात तिथे मृत्यू कमी, असे अनेक देशांत दिसले आहे.